मागचं इंजिन

आमच्या गेमला पहिला एक तारा मिळाला तेव्हा मी लोणावळ्याजवळ वलवणच्या आमच्या खोलीत भाकरी खात होते. ताऱ्याखाली लिहिलं होतं, 'ग्राफिक्स धूसर. समोर काहीच दिसत नाही. एचडी करा.' भाकरी बाजूला सारून मी उत्तर लिहिलं, 'समोर काही दिसत नाही हे बरोबरच आहे.' माझ्या भागीदाराने ते वाचून कपाळावर हात मारला. गिऱ्हाइकाशी असं बोलतात का, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, बोलतात, आणि भाकरी संपवली.

त्याचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आमच्या घरात नाही म्हणायची सवय जुनी आहे. धम्म घेतला त्या वर्षी आजोबांनी भाजे गावात गावकीची कामं करणार नाही म्हणून सांगितलं आणि ते रेल्वेत लायनीवर लागले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे वडील, इंजिनावर चढले. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आमचा गेम आबांच्या कामावरच आहे, त्यामुळे तो कोणी धूसर म्हटला की मला घरावर बोलल्यासारखं लागतं.

कर्जतहून घाट चढून येणाऱ्या गाडीला पुढचं इंजिन एकटं पुरत नाही. मागून आणखी इंजिनं जोडतात. ती गाडीला ढकलत वर आणतात आणि लोणावळ्याला सुटी होतात. त्यांना बँकर म्हणतात. आबा वर्षानुवर्षं बँकरवर ड्रायव्हर होते. गाडीतली माणसं खिडकीशी बसून दऱ्या बघतात, धबधबे बघतात, फोटो काढतात. बँकरच्या ड्रायव्हरला समोर दिसते फक्त शेवटच्या डब्याची पाठ. पुढे वळण आलं की बोगदा, पुढचं इंजिन ओढतंय की दमलंय, हे सगळं त्याने शिट्टीवरून, वॉकीटॉकीवरून आणि बुडाखालच्या थरथरीवरून ओळखायचं. जास्त ढकललं तर मधले डबे रुळावरून उचलतात. कमी ढकललं तर गाडी घाटातच बसते. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आबांना ते इतक्या जवळूनसुद्धा कधी धड दिसले नाहीत.

गेममध्येही तेवढंच. फोनच्या पडद्यावर डब्याची पाठ, आजूबाजूला धुकं. फोन हातात थरथरतो, कानात शिट्टी येते, आणि अंगठ्याने जोर कमीजास्त करायचा. बस्स.

आता खरं ते सांगून टाकते. धुकं आम्ही कलेबिलेसाठी घातलं नव्हतं. आमचा गेम खेळणारे बरेचसे औंढ्याचे, मळवलीचे, खालच्या कर्जतचे. त्यांच्याकडे भावाने वापरून दिलेले फोन. भागीदाराने पहिल्यांदा सगळा घाट काढला होता, झाडांसकट, बोगद्याच्या दगडांसकट. तो त्या फोनवर लावला की फोन तव्यासारखा तापायचा आणि गाडी जागच्या जागी उड्या मारायची. प्रोग्रॅमिंग माझ्याकडे. मी एका दुपारी सगळ्या घाटावर धुकं ओढलं आणि मागचं चित्रच काढून टाकलं. शुद्ध चोरी होती ती. मग गेम आबांच्या हातात दिला. त्यांनी दोन बोगदे पार केले आणि म्हणाले, "आत्ता कसा घाट झाला. पावसाळ्यात आसाच आसतो त्यो." त्या दिवसापासून माझी चोरी मी शिरजोरीने मिरवायला लागले.

भागीदाराला काय वाटलं ते मात्र मी विचारलं नाही. तो लोणावळ्याच्या बाजारातला. त्याचे वडील हॉटेलांच्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि बापाचा हात त्याच्यात जसाच्या तसा उतरलाय. घाट काढायला तो वही घेऊन अख्खा पावसाळा हिंडला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत वही, डोक्यावर इरलं घेतल्यासारखा रेनकोट. त्या सगळ्यावर मी एका दुपारी करडा रंग फासला, आणि तो काही बोलला नाही म्हणून मी समजले की त्याला पटलं.

मागण्या वाढत गेल्या. कोणाला धबधबे हवे होते, कोणाला कॅमेरा पुढच्या इंजिनावर न्यायचा होता, एकाला गाडी वरून, घारीच्या नजरेने बघायची होती. मला शनिवार-रविवारी येणारे पाहुणे आठवायचे. भर पावसात पॉइंटवर जातात आणि चहावाल्याला विचारतात, धुकं कधी जाईल? जसं काही त्यानेच ते सकाळी आणून ठेवलंय. मी एकेकाला उत्तरं देत राहिले आणि भागीदार ती पुसत राहिला.

मग पुण्याच्या एका गेम कंपनीतल्या बाईंचा फोन आला. त्या गोड बोलणाऱ्या होत्या आणि गेम त्यांनी खरोखर खेळला होता, हे मान्य करायला हवं. कल्पना त्यांना फार आवडली होती. कंपनी गेम देशभर नेईल, फक्त चित्र स्वच्छ हवं. आजच्या खेळणाऱ्याला धुकं चालत नाही, घाट दिसला पाहिजे. मी तोंड उघडणार इतक्यात भागीदाराने बघतो आणि कळवतो म्हणून फोन ठेवला.

मी त्याच्यावर उखडले. तो शांतपणे ऐकत राहिला, आणि मग जे म्हणाला ते मला अजून टोचतं.

"तीन वर्षं मी डोंगर काढतोय आणि तू त्यांच्यावर चादर ओढतेस. माझं काम कोणी बघायचंच नाही का?"

मला राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. आबांचं काम कोणी पाहिलं नाही म्हणून मी गेम केला, आणि तो करताना शेजारी बसलेल्या माणसाचं काम झाकून टाकलं. मी म्हटलं, कर स्वच्छ. तुला हवं तसं काढ, मी बसवते.

पुढचे तीन महिने आम्ही भांडणाशिवाय काम केलं. एवढं सलग आमचं कधीच जमलं नव्हतं. धुकं गेलं. नजर डब्याच्या टपावर उचलली, म्हणजे पुढची वळणं दिसायला लागली. दरीतून ढग वर येत होते, कड्यावरून पाणी पडत होतं, बोगद्याच्या तोंडावर शेवाळ होतं. सुंदर होतं, आणि मी ते नाकबूल करणार नाही. जुन्या फोनवर ते चालणारच नव्हतं, पण त्याबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही. औंढ्याची माणसं आमच्या हातून आपोआप गळाली आणि आम्ही ती गळू दिली.

एका रविवारी सकाळी भागीदाराचा नवा फोन घेऊन आम्ही आबांकडे गेलो. आबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ते टाळतायत. त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ आणला आणि म्हणाले, लय ग्वाड काढलंय. भागीदाराचा चेहरा उजळला. आबांनी गाडी सुरू केली. पहिला बोगदा पार झाला. दुसऱ्या वळणाला मधले डबे उचलले आणि पडदा लाल झाला.

आबांनी पुन्हा सुरू केलं. या खेपेला गाडी बसली. तिसऱ्यांदा डबे परत उचलले. जुन्या गेममध्ये आबा कधी हरले नव्हते. टीव्ही बघता बघता खेळायचे, आईशी बोलता बोलता खेळायचे. आता त्यांनी फोन पालथा करून गुडघ्यावर ठेवला. माझ्या बापाला त्याच्याच घाटात मी तीनदा हरायला लावलं होतं.

मग ते म्हणाले, "बघत बसलो आन हाताकडं ध्यानच न्हाई ऱ्हायलं. आसं समदं दिसत आसतं, तर आमी गाडी कवाच खाली घातली आसती."

आई चहा घेऊन आली.

परत येताना वलवण धरणाच्या बाजूने चालत होतो. मी म्हटलं, झालं, उद्या धुकं परत घालते. भागीदार म्हणाला, आबा एक झाले, बाकीच्या खेळणाऱ्यांचं काय? मी विचारलं, बाकीचे म्हणजे कोण, ज्यांच्या फोनवर हा चालत नाही ते? तो म्हणाला, तुला कधी हरायला जमलंच नाही. हे त्याचं खरं होतं. आम्ही दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन ठरलेला होता. मी आबांची गोष्ट जशी घडली तशी सांगितली. त्यांनी ती मनापासून ऐकली. मग म्हणाल्या, यावर उपाय सोपा आहे. ढकलणं आपोआप होऊ द्या. खेळणाऱ्याला अंगठा हलवायला लावूच नका, त्याला निवांत घाट बघू द्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. उत्तर मात्र शेजारून भागीदाराने दिलं.

"मॅडम, मग तो प्रवासी झाला. ड्रायव्हर कुठे राहिला?"

बाईंनी सांगितलं की अशा अवस्थेत कंपनीला गेम घेता येणार नाही. भागीदाराने आभार मानले आणि फोन ठेवला. मी काही बोलायच्या आत त्याने मला बोट दाखवून गप्प केलं. जिंकल्यासारखा चेहरा करू नकोस, म्हणाला. धुकं घाल. पण पडद्यावर काहीतरी नीट दिसलंच पाहिजे, नाहीतर मी पाट्या रंगवायला जातो.

मी विचारलं, बँकरच्या ड्रायव्हरला काय दिसतं?

त्याने वही उचलली आणि तो स्टेशनवर गेला. आठवडाभर फलाटाच्या टोकाला बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे शेवटचे डबे काढत होता. स्टेशनवरच्या माणसांनी दोनदा चौकशी केली. आबांचं नाव सांगितल्यावर त्याला तिथे चहा मिळायला लागला. त्याने गंजाचे ओघळ काढले, दरवाजाभोवतीचं जाड रबर काढलं, रंगाचे पोपडे, बफरवरचं काळं ग्रीस, डबा तपासल्यावर यार्डातल्या माणसाने खडूने मारलेली फुली. फुली त्याने उजवीकडे बसवली, तिथे चित्रात जागा मोकळी होती. एकच चित्र, सपाट, कुठल्याही फोनवर हलकं चालेल असं. घाटावर मी धुकं परत ओढलं. डब्याची पाठ मात्र इतकी स्वच्छ दिसायला लागली की हात लावून बघावंसं वाटावं.

आम्ही जाहीर केलं की ग्राफिक्स सुधारले आहेत. दुसऱ्याच दिवशी एक तारा आला. 'एवढे दिवस थांबलो आणि डबा एचडी केला? घाट कुठे आहे?' मी उत्तर लिहायला बसले, तर भागीदाराचं आधीच लिहून झालं होतं. 'घाट तुमच्या हातात आहे. डबा बघा.' या खेपेला पुसायची पाळी माझी होती, आणि मी पुसलं नाही. ते उत्तर अजून तसंच आहे. एकेका ताऱ्याची रांगही आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. नसेल खेळायचा तर दुसरे हजार गेम आहेत, त्यात घारीच्या नजरेने काय हवं ते बघा.

आम्ही नवा गेम आबांच्या स्वतःच्या जुन्या फोनवर टाकला आणि घेऊन गेलो. त्यांनी फोन नाकाला लागेल इतका जवळ धरला आणि एका दमात घाट चढवून गाडी लोणावळ्याला आणली. डबे उचलले नाहीत, गाडी बसली नाही. आम्ही दोघं काही ऐकायला मिळेल म्हणून बसून होतो. आबांनी बोट लावलं ते खडूच्या फुलीवर.

"ही चुकली. फुली डाव्या अंगाला मारत्यात. उजवीकडं मानूस हुबा ऱ्हायाला जागाच न्हाई."

भागीदाराने तिथेच लॅपटॉप उघडला आणि फुली डावीकडे नेली. धुकं जिथल्या तिथं आहे.