सहा दिवस एका सोमवारात

ज्या आठवड्यात माझ्या शाळेतली मुलं काही म्हणता काही शिकली नाहीत, त्या आठवड्याचं नाव शिक्षण सप्ताह होतं. चेष्टा नव्हे. तो बॅनर अजून आमच्या कपाटावर गुंडाळून ठेवलेला आहे.

माधवनगरकडून कुपवाडला जाताना डाव्या हाताला आमची प्राथमिक शाळा लागते. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि दोन शिक्षक, म्हणजे मी आणि आमचे मुख्याध्यापक. मी मूळची साताऱ्याकडची. तिकडच्या शाळेत माझ्या वर्गात सगळी पोरं ऊसवाल्यांची नाहीतर फौजींची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. इथे निम्मी मुलं कारखान्यांत कामाला आलेल्यांची. घरी कन्नड, गल्लीत मराठी आणि मोबाईलवर हिंदी.

तिसरीतली एक मुलगी त्यातलीच. बाप फौंड्रीत, आई सांगलीत हळदीच्या गोदामात. मुलगी बोलायला चुणचुणीत, पाढे तोंडपाठ, पण वाचन अडलेलं. अक्षरं ओळखायची, काना लावून वाचायची, आणि वेलांटी दिसली की फाटकात म्हैस उभी असल्यासारखी तिथेच थांबायची. मी आदल्या दोन महिन्यांपासून रोज तिच्यामागे लागले होते. आता सुटणार हे मला दिसत होतं. वीस वर्षं शिकवल्यावर ते दिसतं.

एका शनिवारी शाळा सुटताना तिची आई आली. दाराशी उभं राहूनच म्हणाली, "बाई, हिला आजीकडं पाठवते. तिकडं कन्नड शाळा हाय. हितं तिसरं वरीस चाललं, अजून वाचाय येत न्हाई. मग काय उपयोग?"

मुलगी दप्तर पाठीला लावून आईच्या मागे उभी होती. आई दाखल्याचं विचारायला मुख्याध्यापक सरांकडे आत गेली तशी ती मला हळूच म्हणाली, "बाई, आजीकडं साळा न्हाई. मामाची दोन बारकी पोरं हायत. ती सांबाळायची." ते खरंच असणार होतं. आजीचे गुडघे गेलेले, मामी शेतावर, आणि नऊ वर्षांची फुकटची पोरगी दारात.

आई बाहेर आल्यावर मी तिच्याकडे आठवडा मागून घेतला. म्हटलं, पुढच्या शनिवारी ती तुमच्यासमोर पुस्तक वाचून दाखवेल. आईने मला नीट निरखून पाहिलं. "वाचलं तर ठेवते," ती म्हणाली. "न्हाईतर रविवारच्या यष्टीनं धाडते."

सहा दिवस होते आणि रोजचे दोन तास. वेलांट्या, उकार, मग एक सोपा धडा. गणित अगदी बसत होतं. मी स्कूटरवर बसले आणि विश्रामबागच्या सिग्नलला मोबाईल वाजला. शिक्षण सप्ताहाचं परिपत्रक आलं होतं.

सप्ताह म्हटलं तरी दिवस सहाच, कारण रविवारी शिक्षणालाही सुट्टी. सोमवारी शैक्षणिक साहित्य दिन, मंगळवारी वाचन दिन, बुधवारी क्रीडा दिन, गुरुवारी संस्कृती दिन, शुक्रवारी वृक्ष दिन आणि शनिवारी समाज सहभाग दिन. प्रत्येक दिवसाचे पाच फोटो, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, मागे बॅनर, चेहरे आनंदी. 'विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर सहज आनंद दिसावा' असं त्यात छापलेलं होतं. शिकवण्याबद्दल एक ओळ नव्हती. मी दोनदा वाचलं.

त्यावर तोड मलाच सुचली, हे आधी कबूल करते. म्हणजे पुढे सगळा दोष सरांच्या माथी मारायला नको. मी सोमवारी सकाळी सरांना म्हटलं, "सर, सहाही दिवस आजच उरकून टाकू. रोज एकेक दिवसाचे फोटो पाठवायचे. उद्यापासून आपण शिकवायला मोकळे."

सरांच्या निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता आणि त्यांचा ऊस तोडीला आला होता. ते खुर्चीतून उठलेच. "आवं मॅडम, लय भारी!" म्हणाले. "हे आमाला इतक्या वर्सांत कसं सुचलं न्हाई?"

मग त्या सोमवारी आमच्या शाळेत अख्खा आठवडा झाला. अकरा वाजता साहित्य दिन झाला. साडेअकराला मुलांनी डोक्यावर पुस्तकं धरून वाचन दिन केला. बाराला शर्ट बाहेर काढून पोत्यात पाय घातले, की क्रीडा दिन. दुपारच्या सुट्टीत मुली घरी पळाल्या आणि परकर-पोलकी घालून आल्या, संस्कृतीही पार पडली. वृक्ष दिनाला सरांनी शेतातून आणलेलं कडुलिंबाचं रोप मैदानात लावलं. समाज सहभागाच्या दिवशी गावकऱ्यांनी मुलांना गोड जेवण द्यायचं असतं. आमच्याकडे रोजची खिचडी आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातून आणलेली पाव किलो जिलेबी. ती जिलेबी एका ताटातून उचलून दुसऱ्या ताटात, तिथून तिसऱ्या ताटात अशी फिरली. प्रत्येक फोटोत तीच जिलेबी. शेवटच्या पोराने फोटो निघायच्या आधीच ती खाल्ली, म्हणून त्याचा चेहरा सहज आनंदी आला.

आणि या सगळ्या फोटोंत पुढे ती मुलगी. तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, उंच, हसरी. सरांनी तिला बॅनरच्या पुढून हलूच दिलं नाही. मीही चालू दिलं. उद्यापासून ती माझीच होती.

पाचच्या सुमाराला केंद्रप्रमुखांचा फोन आला. आठ-दहा शाळांवर देखरेख ठेवणारे हे साहेब आवाजावरूनच ओळखू येतात. सरांनी उत्साहाच्या भरात सोमवारच्या फोटोंबरोबर सगळेच फोटो पाठवून दिले होते, आणि त्या दिवशी सकाळीच उतरवून घेतलेल्या सरकारी ॲपने प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात वार, तारीख आणि वेळ छापली होती. वाचन दिन, सोमवार. वृक्ष दिन, सोमवार. जिलेबी, सोमवार, दोन वाजून दहा मिनिटं.

"गुरुजी," साहेब म्हणाले, "तुमच्याकडं शनिवार सोमवारीच उगवला काय?"

सर फोनवरच उठून उभे राहिले. मला वाटलं, आता नोटीस येणार. आली असती तर बरं झालं असतं. पण साहेबांना फोटो आवडले होते. एवढे हसरे चेहरे त्यांच्या केंद्रात दुसऱ्या कुणाचे नव्हते. त्यांनी निकाल दिला, की सगळे दिवस त्या त्या वारी पुन्हा करायचे, ते स्वतः रोज येणार, आणि शनिवारचा केंद्राचा मुख्य कार्यक्रम आमच्याच शाळेत होणार. एका दिवसात आठवडा उरकायला गेलेल्या मला एकाच आठवड्यात दोन सप्ताह करावे लागले.

मंगळवारी साहेब आले. मुलीच्या हातात पुस्तक दिलं. "वाच," म्हणाले. ती मान खाली घालून खरंच अक्षरं लावायला लागली. ओठ हलायला लागले. मी श्वास धरून बघत होते, कारण समोरच्या शब्दात वेलांटी होती. तेवढ्यात साहेब म्हणाले, "अगं, खाली नको बघू. चेहरा दिसत नाही. वाचताना वर बघ, हस." व्हिडिओत मुलं अडखळायला लागली तेव्हा सरांनी अख्ख्या वर्गाकडून जत्रेचा धडा पाठ करून घेतला. तासभर घोकंपट्टी झाली. व्हिडिओ सुंदर आला. एकही मूल अडखळलं नाही आणि एकही मूल वाचत नव्हतं.

बुधवारी पोत्यांच्या शर्यतीत मी तिला पटकन आत नेलं आणि पाटी काढली. कि, मि, पि. तिने 'किती' वाचलं. स्वतःचं स्वतः. 'किती' आणि मग 'मिरची'! ती हसली ते बघून मला सगळे बॅनर माफ करावेसे वाटले. दहा मिनिटं मिळाली असतील. मग मैदानातून हाक आली, बक्षीस घेतानाच्या फोटोला ती हवी होती. ती शर्यतीत पळालीही नव्हती.

गुरुवारी लेझीम. मी सरांवर चिडले, अगदी मुलांसमोर. म्हटलं, "सर, या पोरीचा जीव टांगणीला लागलाय. मला दिवसाला एक तास द्या, एकच. बॅनर तुम्ही धरा."

सर चिडले नाहीत. त्यांनी परिपत्रक काढून माझ्यापुढे धरलं. "मॅडम, बघा. ह्यात शिकवल्याचा फोटो कुठं मागितलाय? मागितला असता तर दोन तास दिले असते की तुमाला." मला वाईट याचं वाटलं, की ते अगदी मनापासून बोलत होते.

शुक्रवारी कडुलिंबाचं रोप उपटून पुन्हा त्याच खड्ड्यात लावलं. एकाच आठवड्यात दोनदा लावलेलं ते जिल्ह्यातलं एकमेव झाड असावं. त्या दिवशी मी शाळा सुटल्यावर मुलीला थांबवलं, तर ती बाकावर बसल्या बसल्या पेंगायला लागली. दिवसभर उन्हात उभी होती. मी तिला स्कूटरवरून घरी सोडलं. पाटी माझ्या पिशवीतच राहिली.

शनिवारी मांडव. कोपऱ्यावरच्या एका जैन व्यापारी कुटुंबाने खरंच जेवण दिलं होतं. पुरी, बटाट्याची भाजी नको म्हणून मटकी, आणि भरपूर जिलेबी. दहा शाळांचे शिक्षक, पालक आणि साहेब. मुलीची आई अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती. मांडवाच्या कडेला उभी राहून ती माझ्याकडेच बघत होती.

मी ठरवलं होतं, की तिला बाजूला घेऊन सगळं सांगायचं. आठवडा आम्ही खाल्ला, मला अजून एक आठवडा द्या, असं. पण मी तिच्यापर्यंत पोचायच्या आतच साहेबांनी माईकवर जाहीर केलं, "आता या शाळेची विद्यार्थिनी आपल्याला पुस्तक वाचून दाखवेल." आणि ती पुढे आली. हातात पुस्तक. वेण्यांत अबोली.

तिने पुस्तक उघडलं, वर बघितलं, हसली आणि धडा म्हणायला लागली. खडखडीत. स्वल्पविरामाला थांबत, प्रश्नाला आवाज चढवत, पानावरून बोट फिरवत. मी तिच्या मागे दोन हातांवर उभी होते. उघडलेलं पान दुसऱ्याच धड्याचं होतं. तिचं बोट विहिरीच्या चित्रावरून फिरत होतं आणि तोंडातून जत्रा चालली होती. मंगळवारी पाठ करून घेतलेली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी व्हिडिओ घेतला. सरांचे डोळे पाणावले होते.

आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. पंगत बसल्यावर ती मुलीचा हात धरून माझ्याकडे आली. "बाई, मी चौथीपातुर शिकलीय, पण कन्नड. मला मराठी वाचाय येत न्हाई. वाचताना ही पुस्तकात बघत नव्हती. म्हणून इचारते. खरं सांगा, हिला येतंय का?"

आठवडाभर मला लोकांनी पुष्कळ विचारलं होतं. फोटो पाठवला का, लिंक भरली का, किती उपस्थित. खरं काय ते कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते हळद निवडणाऱ्या या एका बाईने. मुलगी पुस्तक छातीशी धरून माझ्याकडे बघत होती. पापणी लववत नव्हती. मला दुसऱ्या दिवशीची एसटी दिसत होती.

"येतंय," मी म्हणाले. "चांगलं येतंय."

आईचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला अर्ध्यावर धरलं, पण तिची बोटं माझ्या पावलाला लागली होती. सोमवारच्या फिरत्या जिलेबीला मी आठवडाभर हसत होते. ते खोटं कुणाच्या पोटावर आलं नव्हतं. मी मात्र जिने विश्वास टाकला तिच्या तोंडावर खोटं बोलले होते, आणि तिच्या मुलीच्या देखत. पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा तेच बोलले असते, याचीही मला लाज वाटत होती.

आई वाढायला मदत करायला गेली. मुलगी गेली नाही. तिने माझा पदर ओढला.

"बाई, सोमवारी खरं शिकवणार?"

"हो," मी म्हणाले. "दहाला ये. शाळा भरायच्या आधी."

ती जायला वळली, दोन पावलं गेली आणि परत आली. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघून तिने हळूच विचारलं, "तवा फोटो न्हाई ना काढणार?"