अफू सुटल्याचा ताप

किराणावाल्या काकांकडं दवाखान्यातून फोन आला. काका दारात येऊन म्हणे, "पोरी, तुझा नवरा गेला." लेकीला, पिंकीला भात भरवत होते, तसाच खरकटा हात घेऊन पळाले. माणसं जमली, काय झालतं विचारू लागली, तर सासू म्हणे, "कावीळ व्हयनी व्हती." मी पण मान हलवली. महिना झाला, तेच सांगतो आम्ही...

आमचे हे ट्रकवर होते, धुळ्याहून आग्रा रोडनं इंदूरकडं जायचे. तिकडून डोडा आणायचे, म्हणजे अफूच्या बोंडाची टरफलं, चहासारखी उकळून प्यायची. मी कुरकुर केली की हसायचे, "गाडीले ग्रीस लागस, मले हाई लागस." मग मलाच हसू यायचं. मागच्या उन्हाळ्यात पिंकीच्या डोक्यावर हात ठेवून यांनी सोडलं सगळं. अन् जुलाब लागले, ताप, अंग गळून गेलं. नशा सुटली की चार-आठ दिवस असंच होतं, गल्लीत सगळ्यांना माहीत. सासू म्हणे, "अफू सुटनी म्हनीसन व्हई ऱ्हायनं. थोडं उकाई दे." डोडा उकळून दिला. जुलाब थांबले! आम्हाला वाटलं, बघा, हेच होतं. बंद केलं की परत लागायचे, परत द्यायची मी... पावसाळा असाच गेला, माणसाची नुसती हाडं राहिली. डॉक्टरकडं नेलं नाही, अफूचं कळेल म्हणून.

शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं, एड्स निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "सुई घ्यायचे का?" हे माझ्याकडं बघेचनात. "धाब्यावर, साहेब. डोडा नसला की. सगळ्यांमधी एकच सुई." डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुमचं आणि मुलीचं रक्त तपासून घ्या." मी हो म्हटलं अन् गेलेच नाही. रांगेत ओळखीचं कोणी दिसलं तर?

हे गेले, अन् मग पिंकीला ताप भरला. सासूनं खुंटीवरून यांचा टॉवेल काढला, गाडीवर गळ्यात असायचा तो. "तोंड बांधी ले. चाल, मी बी येस." डिझेलचा वास अजून आहे त्याला. रक्त तपासायच्या रांगेत तोंड झाकून उभी होते, तर कडेवरच्या पिंकीनं टॉवेलात नाक घातलं अन् ओरडायला लागली, "पप्पा! पप्पा!" सगळे वळले. तिचं तोंड दाबायला हात नेला मी... नाही दाबलं. टॉवेल सोडला, तिच्या अंगावर टाकला, अन् उघड्या तोंडानं उभी राहिले.

रक्त दिलंय दोघींनी, मी अन् पिंकीनं. काय निघतं ते कळायचंय. ती त्या टॉवेलाशिवाय झोपत नाही, मी तो धूत नाही.