यासीनभाईंचं सूत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा. आणि गोष्ट तरी केवढी? चार बोल्ट, चिमूटभर सूत.

भिवंडीजवळ शेलारला माझं आणि यासीनभाईंचं भागीतलं गॅरेज होतं. भाई मूळचे लूमचे फिटर. भिवंडीत सुताला काय तोटा? वॉटर पंपाचे बोल्ट आत पाण्यापर्यंत जातात, आट्यांतून पाणी झिरपू नये म्हणून काहीतरी लावावं लागतं. भाई सूत गुंडाळायचे, वर सफेद्याचा पांढरा लेप चोपडायचे, आणि तेवढा वेळ गुणगुणायचे. तो सफेद्याचा वास, शेजारी उकळणारा चहा — अजून नाकात आहे. फार चांगले दिवस होते ते.

मी मात्र सीलंटची नवी ट्यूब आणून ठेवली होती. एके दिवशी भाई एका गाडीचा पंप बसवत होते आणि गिऱ्हाईक समोरच उभं होतं. सूत बघून त्यानं नाक मुरडलं — आणि मला भाईंची लाज वाटली. हो, लाज. ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं, त्यांची.

भाई नमाजाला गेले, गिऱ्हाईक चहाला. मी बोल्ट काढले, सूत खरवडून टाकलं, ट्यूब लावली. आट्यांवरचं तेल पुसलं का? नाही. तेलावर ट्यूब धरत नाही, हे मला ठाऊक होतं — पण भाई यायच्या आत आवरायचं होतं ना.

पुढे कसारा घाटात त्या गाडीतलं सगळं पाणी गळून गेलं, इंजिन जाम झालं. गाडीचा मालक, तेच गिऱ्हाईक, तणतणत आला. पंप उघडून कुणी पाहिलाच नाही. त्यानं सुतावरून स्वर्ग गाठला. आणि तिथं सूत तर नव्हतंच. मी बोलणार होतो — खरंच बोलणार होतो का? — तोवर भाईच पुढे झाले. "सूत मेरा था साहेब, गलती मेरी हाय. याला काय बोलू नका."

याला म्हणजे मला.

त्यानंतर भाईंनी पाना हातात घेतला नाही. राहनाळच्या गोदामात राखणीला लागले. मी गॅरेज वाढवलं.

अजून संध्याकाळी ते येऊन बसतात. परवा माझ्या नव्या कारागिराला सांगत होते, "बोल्टला ट्यूबच लाव बेटा. मेरे सूतने एक इंजिन खाया हाय."

मी चहा बशीत ओतून दिला आणि म्हणालो, "भाई, बिस्कीट घ्या."