बिनफक्कीचा हंगाम

"रेघ दिसत न्हाय म्हणून ती तिथं न्हाय, असं कुणी सांगितलं तुमास्नी?"

हे मौला नदाफ सुभेदार विजयसिंहांना म्हणाला, तेव्हा त्याच्या एका हातात शेणकाल्याची बादली होती आणि दुसऱ्या हातात खराटा. कोल्हापूरबाहेरच्या एका लष्करी कॅम्पातलं फुटबॉलचं मैदान तो सव्वीस वर्षं सांभाळत होता. गवत कापायचं, पाणी मारायचं आणि सामन्याच्या सकाळी चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं रेघा मारायच्या. दोरी न लावता सरळ रेघ मारणारा जिल्ह्यात हा एकच, असं लोक म्हणत. मौला स्वतः तसं म्हणत नसे, पण म्हणणाऱ्याला अडवतही नसे.

मे महिन्यात सीमेवर युद्ध पेटलं आणि कॅम्पात पत्र आलं, की आकाशातून दिसतील अशा सगळ्या पांढऱ्या खुणा झाकाव्यात. वाटेच्या कडेचे चुना लावलेले दगड गेरूनं रंगले. पाण्याची टाकी हिरवी झाली. ऑफिसच्या पायरीवर झोपणाऱ्या पांढऱ्या कुत्र्याचं काय करायचं, यात अर्धा दिवस गेला. मग रेघांवर शेणकाला ओतायचं काम मौलाकडे आलं.

"पण साहेब, वरनं बघणाऱ्याला मैदान तर दिसणारच की."

"मैदान दिसू दे," सुभेदार म्हणाले. "पेनल्टी बॉक्स दिसता कामा नये."

युद्ध चार दिवसांत थांबलं. हुकूम थांबला नाही. सही करणाऱ्या साहेबाची बदली झाली, आणि नव्या साहेबाचं म्हणणं असं, की दुसऱ्यानं झाकलेलं आपण कशाला उघडा. साऱ्या देशातलं युद्ध संपलं, ते फक्त कॅम्पाच्या मैदानावर चालू राहिलं. पावसाळ्यात गवत सगळीकडे सारखं वाढलं. डिसेंबरात कॅम्पाच्या चषकाचे सामने आले तेव्हा मैदान पुसलेल्या पाटीसारखं कोरं होतं.

पहिलाच सामना पेठ वडगावच्या संघाशी. विसाव्या मिनिटाला वडगावचा एक गडी आडवा झाला आणि तो पेनल्टी बॉक्सच्या आत पडला की बाहेर, यावरून दोन्ही संघ रेफरीच्या अंगावर गेले. रेफरी गुरुप्रसाद शाहूपुरीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. नकाशावरच्या रेघा शिकवण्यात जन्म गेलेला माणूस, पण पायाखालची रेघ त्यांना सापडेना.

मौला उठला, चपला काढल्या, अनवाणी चालू लागला. वर गवत सारखं असलं तरी खाली सव्वीस वर्षांच्या चुन्यानं माती घट्ट झाली होती. पाय बरोबर एका जागी थांबले.

"हितं."

सुभेदारांनी स्टोअरमधून टेप आणवला. गोलपासून साडेसोळा मीटर. एका बोटाचाही फरक नव्हता. टेप आणणं, धरणं आणि त्यावरून भांडणं यात वीस मिनिटं गेली होती, मौलाला वीस पावलं लागली होती. तेव्हापासून टेप स्टोअरात गेला आणि मौला मैदानाच्या कडेला खुर्चीत बसला.

वाद झाला की शिट्टी वाजायची, मौलामामा चपला काढायचा आणि हजार माणसं गप्प व्हायची. शिरोळच्या संघाचा मॅनेजर तर सामन्याआधी त्याच्या पायांकडे बघून नमस्कार करून गेला. मौला लहानपणापासून ज्या तालमीत वाढला, त्या पिंपळकट्टा तालमीचाही संघ चषकात होता; तिनं चौकात फ्लेक्स लावला. त्यावर मौलाचं तोंड सुपारीएवढं आणि पाय पुरुषभर. खाली लिहिलं होतं, 'पाय ठेवला की कायदा.'

सव्वीस वर्षं लोक त्यानं मारलेल्या रेघा बघत आले होते. आता रेघ नव्हती, म्हणून माणूस दिसायला लागला होता.

जानेवारीत एका संध्याकाळी तो घरी आला आणि चहा मागितला. बायको हुसेनबी कप घेऊन आली ती तिथंच थांबली.

"अवो, टाचेत काय घेऊन आलाय?"

बाभळीचा काटा होता. पुरता आत गेलेला.

"कवा रुतला?"

"कुणास ठाऊक."

"दुखत न्हाय?"

मौलानं टाचेकडे बघितलं. शेजाऱ्याची टाच बघावी तसं.

डॉक्टर म्हणाले, साखर वाढली आहे, तळपायातली जाणीव गेली आहे, अनवाणी फिरायचं अजिबात नाही. रिक्षात बसल्यावर हुसेनबी म्हणाली, "सांगून टाका त्या शिट्टीवाल्या मास्तरला."

"काय सांगू? रेघ मेली म्हणून?"

"टेप हाय की त्यांच्याकडं."

"टेप हाय," मौला म्हणाला. "पण टेपला मामा कोण म्हणतंय? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझं कोण तरी ऐकाय लागलंय गं."

पुढचे दोन सामने त्यानं अंदाजानं काढले. दहा पावलं चालायचं, कपाळाला आठी घालायची, थांबायचं. कुणी हूं की चूं केलं नाही. तो खोटं बोलत नव्हता. खरं काय ते त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच.

अंतिम सामना कॅम्प विरुद्ध पिंपळकट्टा. शेवटचं मिनिट, एक-एक अशी बरोबरी. पिंपळकट्ट्याचा तोहिद चेंडू घेऊन सुसाट निघाला आणि कॅम्पाच्या बचावपटूनं त्याला मागून लोळवलं. बॉक्सच्या आत असेल तर पेनल्टी, म्हणजे चषक तालमीचाच. बाहेर असेल तर साधी फ्री किक. तोहिद मौलाच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा.

शिट्टी वाजली. मौलानं चपला काढल्या.

पायाखाली माती आहे की सतरंजी, हेही कळेना. आत म्हणावं, तर लोक म्हणणार मामानं भाच्याला दिलं.

"भाईर," मौला म्हणाला.

कॅम्पाच्या जवानांनी टोप्या उडवल्या. पण सुभेदार विजयसिंह शिस्तीचे. "नात्यातली बाब आहे," ते म्हणाले. "उद्या तक्रार नको. टेप आणा."

टेप लागला. तोहिद पडला ती जागा चांगली दीड हात आत होती.

मग पिंपळकट्ट्याच्या बाजूनं, जिथं आनंदानं नाचायला हवं होतं तिथून, आवाज आला, "टेप खोटा हाय!"

"आमच्या तालमीच्या पायावर संशय घेतोय व्हय रं?"

"अरे, टेपात तुमचा फायदा हाय!" कॅम्पाचा एक जवान न राहवून ओरडला.

"फायदा गेला खड्ड्यात! फ्लेक्स लावलाय आम्ही!"

तोहिद गुडघा चोळत उभा राहिला. "मामा भाईर म्हणला न्हवं? मग भाईर."

"टेप उन्हानं ताणलाही असेल," आता सुभेदारसुद्धा म्हणाले. गुरुप्रसादांनी फ्री किकसाठी हात वर केला. दोन्हीकडून टाळ्या पडल्या. एवढा भरवसा मौलावर आयुष्यात कुणी ठेवला नव्हता, त्यानं स्वतःही नाही.

मौला जागचा हलला नाही. टाळ्या थांबेपर्यंत तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. मग त्यानं चेंडू उचलून काखेत मारला आणि सुभेदारांच्या हातातला टेप काढून घेतला.

"मामा, काय करतोयस?" तोहिद म्हणाला.

मौलानं टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि गोलच्या मधोमध बोट दाखवलं. तोहिद तिथं जाऊन वाकला. मौला टेप सोडत मागं आला. अकरा मीटर. चष्मा वर करून त्यानं आकडा दोनदा बघितला, पेनल्टीच्या जागेवर चेंडू ठेवला आणि टेप गुंडाळून गुरुप्रसादांच्या हातात दिला.

"मौलासाहेब, मग आत की बाहेर? एकदा तोंडानं सांगा," गुरुप्रसाद म्हणाले.

मौला खुर्चीपाशी गेला. चपलेत पाय जाईना. खाली बघून, हातानं अंगठा धरून त्यानं तो आत सरकवला, मग दुसरा. पहिल्या रांगेतल्या माणसांनी ते बघितलं आणि ती गप्प झाली, मग मागची गप्प झाली. मौला उठला आणि एकेक पाऊल नजरेनं टाकत फाटकातून बाहेर गेला.