पावणेदोन तासांचा रस्ता

आज कुंताबाईंची तेरवी झाली. सकाळपासून जप करतेय, पण डोळ्यांसमोरून रूपरावभाऊ हलत नाहीत. म्हणून वहीत देवाच्या नावाखाली त्यांचंच लिहिते.

ते आमच्या देवळीतल्या घराला लागून राहतात. एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली बरीचशी वर्ध्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत. कोणती गाडी किती वाजता, चुकली तर पुढची कोणती, सगळं तोंडपाठ. त्यांची बायको कुंताबाई चिडवायच्या, "आपल्या लग्नाची वरात तासभर उशिरा आली, तवा हे टाइमटेबल कुठं गेलतं?" भाऊ मिशीत हसायचे.

मुलगा वैभव बेंगलोरला नोकरीला. नागपूर ते बेंगलोर विमानाला पावणेदोन तास लागतात हे भाऊंनी विचारून घेतलं, आणि त्यांच्या लेखी अंतर मिटलंच. कारंज्याला एसटीनं जायलाही याहून जास्त वेळ लागतो, म्हणायचे.

श्रावणापासून कुंताबाईंचं हृदय थकत चाललं होतं. त्यांचं एकच मागणं होतं. देव्हाऱ्यात गंगेचा गडू होता, झाकण न उघडलेला. त्यातलं पाणी शेवटी वैभवच्या हातून तोंडात पडावं. पूजा झाली की मी तुळस द्यायला जाई, तेव्हा गडूकडे बघत त्या विचारायच्या, "पोराले सांगतलं का?" भाऊ म्हणायचे, आतापासून नोकरी कशाला बुडवायची, पावणेदोन तासांचा तर रस्ता. मीही मान डोलावली. देवा, मला क्षमा कर.

त्या मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा भाऊंनी फोन लावला. तासाभरानं वैभवचा उलट फोन आला. दुपारचं विमान भरलेलं, संध्याकाळचंही भरलेलं, उद्या सकाळचं मिळतंय. भाऊंना ते उमगेचना. गाडी भरली म्हणून मागे राहिलेला माणूस त्यांच्या हिशेबात नव्हताच. फोन कानाला घट्ट धरून ते हळूच म्हणाले, "सीट नाई तं उभ्यानं ये ना बाप्पा. पावणेदोन तासच तं हाये."

खाटेवरून कुंताबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

चार वाजता भाऊंनीच गडू उघडला. झाकण इतकं घट्ट होतं की चमच्यानं उचकटावं लागलं. पाणी ओठांवरून उशीवर ओघळलं. मी तुळशीचं पान ठेवलं, रामनाम घेतलं. कुंताबाई दाराकडेच बघत गेल्या.

वैभव दुसऱ्या दिवशी बाराला पोचला. तोवर आमच्या गल्लीत कुणी चूल पेटवली नव्हती. अंगणात सगळी तयारी होऊन बसलेली. भाऊंनी त्याला पहिलं विचारलं ते हेच, किती वेळ लागला?

"पावणेदोन तास, बाबा." मग आईच्या पायांशी बसून तो म्हणाला, "मले आधी काऊन नाई सांगतलं?"



आज पंगत उठल्यावर वैभव विमान पकडायला नागपूरला निघून गेला. मी ताट घेऊन गेले तर भाऊ देव्हाऱ्यासमोर बसलेले. गडूत अजून अर्धं पाणी होतं.

"वहिनी, हे तुमच्या देवाजवळ नेऊन ठेवा," म्हणाले. "माह्यासाठी ठेवून काय करू? मले कोन पाजनार हाये?"

मी गडू घेऊन आले. ताट त्यांनी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.