चांदीला आमचं पाणी चाललं नाही

मंडळी, आज सकाळी माझ्या अंगणातल्या अडुळशावर आळ आला.

माझी भाची मृणाल खामगावला एमएस्सी करते. अडुळशाचा काढा चांदीच्या द्रावणात मिसळून जंतू मारणारे अतिसूक्ष्म कण बनवायचे, हा तिचा प्रकल्प. मिश्रण तपकिरी झालं की कण तयार. तिचं दुधासारखं पांढरं झालं.

"मावशी, तुह्या पानातच खोट हाय म्हनते सर. झाड बदलवा लागन, म्हंजे सारी मेहनत वाया."

"खोकला झाला की याच पानांसाठी माझ्या दारात येतात ना तुझे सर?"

माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, आधी विचार, मग ओरड. मी ओरडून झाल्यावर विचारलं, "काढा कोणत्या पाण्यात केलास?"

"तुह्या बोरच्या. डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं वं."

आमच्या बोरचं पाणी! डाळ शिजू देत नाही, भांड्यावर थर चढवतं. त्यातल्या क्षारांनीच चांदीचा पांढरा साका केला होता.

बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणून नवा काढा केला आणि मीही तिच्याबरोबर प्रयोगशाळेत गेले. मिश्रण आधी पिवळसर झालं, मग हळूहळू कोऱ्या चहासारखं. मृणालने मला मिठीच मारली.

हे कण जंतू मारतात का, ते उद्या कळेल. मला फार उत्सुकता आहे.

पण चांदीलाही न चाललेलं हे पाणी आपण वर्षानुवर्षं पितोय. आपल्यापैकी कोणीच कधी "काऊन? असं का होतं?" हे का विचारलं नाही?