पोलीस ठाण्यापासून दिशा व अंतर

माझ्या अंगात नाटक आहे हे आमच्या सोसायटीने गणपतीत ओळखलं. पुरुषांना संवाद पाठ होत नसत, म्हणून खलनायक मी करायचे. मिशी लावून. सहा वर्षं मी भाईंदर पश्चिमेतली सर्वांत भरवशाची खलनायक होते. वर्षाचे उरलेले दिवस एका वकिलाच्या गाळ्यात टायपिस्ट होते. दोन्ही कामांत मला फारसा फरक वाटला नाही. लोक येत, रडत, एकमेकांच्या अंगावर धावून जात, आणि मी ते सगळं ‘सदर इसमाने’ असं इस्त्री करून कागदावर उतरवीत असे.

दोन हजारनंतरची ती सुरुवातीची वर्षं. गाळ्यातला टाइपरायटर जाऊन नुकता कॉम्प्युटर आला होता, पण ओळ संपली की घंटी वाजत नाही याची आमच्या साहेबांना कायम चुटपुट. शेजारी झेरॉक्सवाला, समोर चहावाला, आणि चार गाळे सोडून एका गुजराती काकांचा सायबर कॅफे. प्लायवूडच्या कपाटांत खुर्च्या टाकाव्यात तशा त्या केबिनी, आणि प्रत्येकीला फुलाफुलांचा पडदा. घरी ज्यांनी इंटरनेट घेतलं होतं त्यांच्याकडे ते टेलिफोनच्या वायरीतून, दोन मांजरं भांडावीत तसा आवाज करीत यायचं. माझ्या रत्नागिरीच्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या की म्हणायच्या, “बंद कर ते. गावाला कोणी गेलं तर फोन लागायचा कसा?” मला त्या आवाजाचा अजून लोभ आहे. जग घरात येताना निदान दार वाजवत होतं.

तर अशा एका दुपारी ती गाळ्यात आली. आमच्या नाटकांत ती विंगेत पुस्तक धरून उभी राहायची. स्वतः कधी स्टेजवर यायची नाही, पण सगळ्यांचे संवाद पाठ. वय सव्वीस, मिरा रोडला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी. घर पश्चिमेच्या जुन्या गावात. वडिलांची पूर्वी मिठागरं होती, खाडीकाठची बरीच जमीन होती. आता जमिनीवर इमारती होत्या आणि वडील रिटायर झाल्यासारखे ओट्यावर बसून असत.

“ताई,” ती म्हणाली, “साहेब नाहीत ना?”

साहेब ठाण्याला कोर्टात होते. मी शटर अर्धं ओढलं.

तिचा साखरपुडा झाला होता हे मला माहीत होतं, मोडला होता हेही माहीत होतं. मुलगा परदेशातला. नुसता तिकडे नोकरीला गेलेला नव्हे. तिकडेच जन्मलेला, तिकडचाच पासपोर्ट. मिरा रोडला राहणाऱ्या त्याच्या मावशीने स्थळ जुळवलं. मग आठ महिने ही पोरगी आपल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर कॅमेरा लावून त्याच्याशी बोलत होती. ठरलेल्या नवऱ्यावर जेवढा विश्वास टाकायचा तेवढा तिने टाकला. पुढे त्याचा स्वभाव कळला, तिने लग्न मोडलं. त्याने कॅमेऱ्यातून गुपचूप साठवलेले तिचे फोटो, त्या काळी तरुण मंडळी जिथे मित्र जमवायची अशा एका साइटवर टाकले. नावासकट. खाली लॅबचा फोन नंबर.

“फोन येतायत,” ती म्हणाली. “लॅबमध्ये. रोज.”

ती रडली नाही. नाहीतर माझ्याकडे रडणाऱ्यांसाठी ठरलेलं होतं, पाणी, पंखा, दोन चहा. न रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला येत नव्हतं.

साहेब संध्याकाळी आले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “तक्रार द्यायची तर पुरावा कागदावर हवा. उद्या त्याने काढून टाकलं तर आपण काय दाखवणार?”

“म्हणजे प्रिंट काढायच्या?” ती म्हणाली. “कोणासमोर?”

पंचाईत खरी होती. तिच्या घरी प्रिंटर नव्हता, आमचा काळा-पांढरा, तोही बंद. सायबर कॅफेतला प्रिंटर थेट काकांच्या कोपराशी. जे अजून भाईंदरमध्ये कोणी पाहिलं नव्हतं ते न्याय मागण्याच्या पायीच पहिल्यांदा दिसणार होतं. तिला एवढंच हवं होतं, की ते साइटवरून उतरावं आणि उतरेपर्यंत आणखी एकाही माणसाने पाहू नये.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी काकांच्या कॅफेत शिरले. ती आधीच पडद्याआड बसली होती. तिने खोकून खूण केली आणि मी काउंटरसमोर कोसळले. कपाळाला हात, एक पाय मुडपून, साडी सांभाळून. खलनायकाला सहाव्या प्रवेशात मरावंच लागतं, मला सराव होता. काका धावले. “अरे बेन, सुं थयुं?” म्हणत साखरेचं पाणी आणायला ते मागच्या मोरीकडे गेले, केबिनीतली पोरं माझ्याभोवती जमली आणि त्यांच्या पाठीमागे प्रिंटर शांतपणे कागद बाहेर टाकत राहिला. ती आली, कागद पाकिटात घातले, पाकीट चिकटवलं, पैसे ठेवले, गेली. मी पाणी पिऊन उठले. काका पुढे कितीतरी महिने मला रस्त्यात अडवून माझं हिमोग्लोबिन विचारायचे.

मग आली अवघड गोष्ट. फोटो तिच्या खोलीतले, म्हणजे पोलीस घरी पंचनाम्याला येणार. वडिलांना सांगणं भाग होतं. तिने कसं सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यासमोर धुवट शर्ट-पँट घातलेले, टोपी घडी करून हातात धरलेले तिचे वडील उभे होते.

“चला,” एवढंच म्हणाले.

पोलीस ठाण्यात आम्ही चौघं गेलो. ती, वडील, साहेब आणि फाइल सांभाळायला मी. साहेब होते म्हणून बसायला खुर्च्या मिळाल्या. अधिकारी घाटावरचे, बोलणं सरळ. त्यांनी तक्रार पूर्ण वाचली. सीलबंद पाकीट उघडलं नाही, आत बसलेल्या महिला पोलिसाकडे दिलं. तिने आडोशाला जाऊन पाहिलं, परत येऊन नुसती मान हलवली. तेवढ्यासाठी मी त्या माणसाला आजही दुवा देते.

“मॅडम, वाईट झालं,” ते म्हणाले. “पण मुलगा तिकडचा. तिकडे बसून टाकलंय. साइट पण तिकडची. गुन्हा तिकडे झाला. आम्ही काय करणार?”

साहेबांनी बारीक पुस्तक काढलं. सायबर कायदा तेव्हा इतका नवा होता, की पुस्तकाला अजून दुकानाचा वास येत होता. “हे कलम बघा. गुन्हा भारताबाहेर केला असेल, करणारा कुठल्याही देशाचा असेल, तरी हा कायदा लागू. अट एकच, भारतातला कॉम्प्युटर त्यात गुंतलेला हवा. हिचा आहे.”

“कलम आहे हो साहेब. पण उद्या तिकडच्या सरकारने म्हटलं, तुमच्या काशीमीऱ्याच्या माणसाने घरी बसून काहीतरी टाकलं, आमच्याकडे तो गुन्हा आहे, तर द्यायचा का आपला माणूस?”

साहेबांनी पुस्तक मिटलं. प्रश्न खोटा नव्हता. “कोणावर टीका केली म्हणून मागत असतील तर नाही द्यायचा,” ते म्हणाले. “तिकडच्या एखाद्या मुलीचं असं केलं असेल तर मी स्वतः त्याला घेऊन येईन.”

अधिकाऱ्यांनी हवालदाराला फॉर्म काढायला सांगितला. मनातून नव्हे, पाहू तरी म्हणून. हवालदार कार्बन घालून लिहू लागला. नाव, पत्ता, वय, सगळं सुरळीत. मग त्याचं पेन थांबलं.

“साहेब, इथं काय?” तो म्हणाला. “घटनास्थळ. पोलीस ठाण्यापासून दिशा व अंतर.”

खोलीतल्या सगळ्यांनी त्या रकान्याकडे पाहिलं. पोलीस ठाण्याला चेणे गावातली चोरी माहीत होती, पाली गावातली होडी माहीत होती. इतके किलोमीटर, या दिशेला.

“लिही, पश्चिमेला सात समुद्र,” अधिकारी म्हणाले. चेष्टेत नव्हे, वैतागून. “बघा आता. मी म्हणतो ते हेच. जागाच आपली नाही.”

तेव्हा तिचे वडील बोलले. आत आल्यापासून पहिल्यांदा.

“साहेब, आमची आगरं व्हती. शेजारच्या गावच्या एकानं रागान आपल्याच हद्दीतला बांध फोडला. भरतीचं पानी आमच्या आगरान शिरलं, हंगामाचं मीठ विरघललं. त्यो बोलला, मी माझ्या गावान उभा व्हतो, माझाच बांध फोडला, तुमच्या पंचांचा मना काय संबंध. मंग पंच कुठं बसले ठाव हाय?”

“कुठे?”

“मीठ विरघललं त्या बांधावर. आमच्यात रीतच हाय ती. फोडनारा कुठं उभा व्हता ते मागनं बघायचं. पयलं मीठ कोनाचं गेलं ते बघायचं, आनि तिथंच बसायचं.”

“आणि तो आला का, काका?”

“पयल्या दिशी न्हाय आला. पन आमच्या बंदरावरनंच त्याला होडी न्यायला लागायची. किती दिस न्हाय येनार?”

हवालदाराने पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. मी, जिला कुठल्याही शांततेत एक संवाद टाकायची खाज, तीही गप्प.

“पश्चिमेला दीड किलोमीटर,” ती म्हणाली. “माझी खोली. लिहा.”

हवालदाराने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी मान हलवली. आणि त्याने लिहिलं.

दुपारी पंचनामा झाला. खोलीतला कॉम्प्युटर जप्त केला, तेव्हा त्याच्यावर दसऱ्याच्या पूजेचं हळद-कुंकू तसंच होतं. हवालदार इमानी माणूस, त्याने तेही लिहिलं.

एफआयआरची प्रत मिळाली. साहेब म्हणाले, ती साइटवाल्यांना आणि त्या मुलाला ईमेलने पाठवा, सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. साइटवाल्यांसाठी मी रात्री जागून शब्दकोश घेऊन भाषांतर केलं. मुलाला पाठवताना माझं बोट अडलं. तिकडे जन्मलेल्या त्या शहाण्याला मराठी बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं.

“भाषांतर नाही जोडलं तर त्याला ते कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल,” मी तिला म्हणाले. “कोणाकडून, ते तुझ्या लक्षात येतंय ना? तुझं नाव आहे त्यात. तू नको म्हणालीस तर जोडते.”

ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिली. “नको जोडू,” ती म्हणाली. “मावशीलाच वाचू दे.”

साइटवाल्यांचं उत्तर कधी आलं नाही. पण आठवड्याभरात फोटो उतरले. त्याने स्वतःच उतरवले. लॅबमधले फोन हळूहळू थांबले. आणि एका सकाळी मावशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन गाळ्यात आली. मोठी नेटकी बाई, पर्स मांडीवर. आमच्या पोरीलाही मावशीने तेव्हाच गाळ्यात बोलावून घेतलं होतं.

“बाळा, मला फोनवर वाचून दाखवायला लावलं गं त्याने,” मावशी म्हणाली. “चुकलं त्याचं. मी त्याला काय काय बोलले ते माझं मला ठाऊक. पण आता फोटो काढलेत ना? मागे घे केस. पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न आहे, भाऊ म्हणून त्याला यायचंय. विमानतळावरच धरतील म्हणून घाबरलाय.”

“घाबरू दे,” ती म्हणाली.

“अगं, पण तसं बघितलं तर तो तिकडचा नागरिक. इथल्या कायद्याचा त्याच्याशी संबंध काय?”

“संबंध नसेल तर मागे कशाला घ्यायची, मावशी?”

मी टाइप करत असल्याचं नाटक करत होते. माझी बोटं थांबली. सहा वर्षं स्टेजवर उभी राहून इतका नेमका संवाद मला एकदाही मिळाला नव्हता, आणि तो माझ्या प्रॉम्प्टरने घेतला होता. मावशी पर्स उचलून उठली. पेढे टेबलावर ठेवायचे की परत न्यायचे, हे तिला ठरवता येईना. शेवटी ती घेऊन गेली. बरंच झालं. मी खाल्ले असते.

मावशी गेल्यावर मी साहेबांना विचारलं, “खरंच धरतील का हो त्याला?”

“मला माहीत नाही,” साहेब म्हणाले. “पण त्यालाही माहीत नाही.”

मावशीच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी आम्ही दोघी रिक्षाने काशीमीऱ्याहून येत होतो. हॉटेलांच्या रांगेत ट्रकांमध्ये रिक्षा अडकली, बरोबर त्या लग्नाच्या हॉलसमोर. दारात हार, फुलांची कमान, पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडणाऱ्या बायका. मावशी उभी होती. तिच्या शेजारी भावाने उभं राहायचं तिथे नात्यातले कोणीतरी काका उभे होते, फेटा मोठा झालेला. रिक्षावाला म्हणाला, “दस मिनट लगेगा, मॅडम.” ती पुढे झुकून पाहत राहिली, एकेक पुरुष तपासत.

“नाही आला,” ती म्हणाली.

मी मांडीवरची पिशवी सरकवून तिला जागा केली.

“मला वाटलं होतं, बरं वाटेल.” ट्रक हलले, रिक्षा सुटली. हॉल मागे गेल्यावर तिने मान वळवली आणि सीटला टेकून बसली. “थोडं वाटतंय,” ती म्हणाली.